विसरलेला चष्मा आणि न विसरलेला पूर

चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारे गृहस्थ ज्यांत नाहींत, असें कुटुंब महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. ते प्रथम कोनाडा पाहतात, मग उशी उलथून पाहतात, मग मुलांवर रागावतात. आणि अखेरीस घरांतील एखादें लहान पोर हंसत हंसत त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवितें. स्वयंपाकघरांतील स्थिति याहून निराळी असते असें नाहीं. आमटींत मीठ घातलें कीं नाहीं याविषयीं दोन जावांचा मतभेद होतो, आणि मतभेदाचा निकाल लागेपर्यंत मीठ दोनदां पडलेलें असतें. दूध उतूं जातें. विजेचें बिल भरावयाची तारीख उलटून जाते. आणि हल्लीं तर हातांतल्या मोबाइलवर बोलतां बोलतांच 'माझा मोबाइल कोठें आहे?' असें विचारणारेहि आढळतात.

परंतु चष्मा विसरणाऱ्या याच गृहस्थांस, ते पुण्याचे जुने रहिवासी असल्यास, पानशेतच्या पुराची गोष्ट विचारून पाहावी. १२ जुलै १९६१, बुधवार. अंबी नदीवरील पानशेतचें नवें धरण सकाळीं फुटलें; त्या लोंढ्यानें त्याच दिवशीं खालचें खडकवासल्याचें जुनें धरणहि फुटलें; आणि मुठेचें पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांत व पलीकडे डेक्कन जिमखान्यावर घुसलें. या गोष्टीस साठांहून अधिक वर्षें लोटलीं. त्या दिवशीं जे सात-आठ वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून बसले आहेत. तरीहि ते सांगतात कीं, आई त्या वेळीं पान वाढीत होती. भातावर वरण पडलें होतें, तूप पडावयाचें होतें. इतक्यांत वाड्याच्या दारांतून कोणी तरी ओरडलें, आणि ओरडणाऱ्याच्या अंगांत पट्ट्यापट्ट्यांचा सदरा होता. आज सकाळीं औषधाची गोळी घेतली कीं नाहीं हें ज्यांस सांगतां येत नाहीं, त्यांस साठ वर्षांपूर्वींच्या सदऱ्याचे पट्टे दिसतात!

जवळचें अंधुक आणि दूरचें लख्ख, असें कां व्हावें? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा कीं, जें लख्ख दिसतें तें खरोखर तसेंच घडलें होतें काय? या दोन प्रश्नांचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो केवळ पांडित्याचा विषय नव्हे. तीन-चार पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या घरांत कोणाचा मान राहतो, कोणावर खोटेपणाचा आळ येतो, आणि कोणाची करणी घराच्या इतिहासांतून पुसली जाते, हें पुष्कळ अंशीं स्मरणाविषयींच्या आपल्या समजुतींवर अवलंबून असतें.

प्रथम विसरण्याचा विचार करूं. विस्मरण मोजतां येतें हें जगास दाखवून दिलें तें हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें. १८८५ सालीं त्याचा स्मृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानें प्रयोगासाठीं दुसरा माणूस शोधला नाहीं. स्वतःवरच सर्व प्रयोग केले. अर्थ असलेले शब्द पाठ केले तर पूर्वपरिचयाची मदत होते, म्हणून त्यानें सुमारें २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या करून त्या पाठ केल्या, आणि ठराविक अवधीनंतर तीच यादी पुन्हां पाठ करावयास किती श्रम कमी पडतात हें मोजलें. वीस मिनिटांनंतर सुमारें ५८ टक्के श्रम वांचले; एका तासानंतर ४४ टक्के; एका दिवसानंतर ३४ टक्के; आणि एका महिन्यानंतर २१ टक्के. यांतील मर्म असें कीं, विसरण्याचा वेग आरंभीं अतिशय असतो आणि मग तो मंदावत जातो. पहिल्या एका तासांत जेवढें गळतें तेवढें पुढच्या सबंध महिन्यांत गळत नाहीं. आदल्या रात्रीं घोकून परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यास हें अनुभवानें ठाऊक असतें आणि त्याबद्दल त्यास कोणी वेडा म्हणत नाहीं. हाच न्याय घरांतील वडील माणसांस लावण्याचें मात्र आपणांस सुचत नाहीं.

चष्म्याची गोष्ट तर याहूनहि साधी आहे. तेथें विसरणें असें झालेलेंच नसतें, कारण लक्षांत ठेवणेंच झालेलें नसतें. चष्मा वर सरकवितांना गृहस्थांचें मन वर्तमानपत्रांतील बातमींत असतें. हात आपलें काम संवयीनें उरकून मोकळा होतो. ज्याकडे मनानें पाहिलें नाहीं त्याचा ठसा उमटत नाहीं, आणि जो ठसा उमटलाच नाहीं तो पुसला गेला असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. दुसरा प्रकार उंबरठ्याचा. माजघरांतून लगबगीनें कोठीच्या खोलींत जावें आणि तेथें उभें राहून 'मी येथें कशाला बरें आलें?' म्हणून स्वतःसच विचारावें, हा प्रसंग कोणत्या गृहिणीवर आला नसेल? अमेरिकेंतील नोत्र दाम विद्यापीठांत गेब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्याचे सहकारी यांनीं २०११ सालीं या उंबरठ्याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. तितकेंच अंतर एकाच खोलींत चालून गेल्यास माणूस जेवढें विसरतो, त्याहून अधिक तो दारांतून दुसऱ्या खोलींत गेल्यावर विसरतो, असें त्यांस आढळलें. दार ओलांडलें कीं मन एक प्रकरण मिटवून दुसरें उघडतें, असें त्यांनीं याचें कारण दिलें आहे.

तिसरा प्रकार जिभेवर घोळणाऱ्या नांवाचा. व्याह्यांचें नांव ऐन आमंत्रणाच्या वेळीं आठवत नाहीं. तें 'व'नें सुरू होतें, तीन अक्षरी आहे, एवढें मात्र खात्रीनें सांगतां येतें. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, असें नांव अडलें असतां त्याचें पहिलें अक्षर व त्यांतील अवयवांची संख्या माणसास पुष्कळदां बरोबर सांगतां येते. म्हणजे नांव नाहींसें झालेलें नसतें. त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट तेवढी बुजलेली असते. वाट दाखविणारी एखादी खूण मिळाली कीं काम भागतें. आपल्या बायकांनीं पदराला गांठ मारून ठेवावी, त्या गांठीवरून भाषेंत 'खूणगांठ' हा शब्द यावा, आणि किल्ली विसरूं नये म्हणून आजोबांनीं ती सरळ जानव्यास बांधून टाकावी, यांत मानसशास्त्रच आहे. कालिदासानें शाकुंतलांत दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका हीं दोन्ही नव्यानें घातलीं. महाभारतांतील मूळ कथेंत तीं नाहींत. मुद्रिका दृष्टीस पडतांच दुष्यंताचें हरपलेलें स्मरण सर्वच्या सर्व परत येतें. तीहि एक खूणगांठच होय.

मुळींच न विसरणें हें मोठें वरदान आहे असें पुष्कळांस वाटतें. अलेक्झांडर लुरिया या रशियन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं प्रसिद्ध केलेलें एका माणसाचें वृत्त वाचल्यावर तसें वाटेनासें होतें. सॉलोमन शेरेशेव्हस्की नांवाच्या या गृहस्थास लांबलचक याद्या एकदां ऐकून पाठ होत आणि पंधरा-सोळा वर्षांनंतरहि त्या म्हणून दाखवितां येत. परंतु त्यास माणसांचे चेहरे ओळखणें जड जाई, कारण प्रत्येक भेटींत चेहऱ्यावरील भाव बदललेला दिसे. गोष्ट वाचूं लागल्यास शब्दागणिक इतकीं चित्रें मनापुढें उभीं राहत कीं, गोष्टीचा अर्थ हातीं लागत नसे. नको असलेली आठवण जावी म्हणून ती कागदावर लिहून तो कागद जाळून टाकण्याचा उपायहि त्यानें करून पाहिला. तात्पर्य, विसरणें ही मनाची झाडलोट आहे. जें घर कधीं झाडलें जात नाहीं त्यांत कामाची वस्तु सांपडत नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. कांहीं आठवणी या झाडलोटींतून वांचतात, इतकेंच नव्हे तर अधिकाधिक उजळ होत जातात. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा १८६५ सालीं खून झाला. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीं, १८९९ सालीं, कोलग्रोव्ह नांवाच्या संशोधकानें १७९ लोकांस विचारलें कीं, ती वार्ता कानीं आली तेव्हां आपण कोठें होतां? त्यांपैकीं १२७ जणांनीं जागा, वेळ, सांगणारा माणूस असा सर्व तपशील दिला. पुढें अध्यक्ष केनेडी यांचा १९६३ सालीं खून झाला. त्या वार्तेसंबंधीं लोकांच्या आठवणी गोळा करून, वर उल्लेखिलेले रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनीं १९७७ सालीं अशा आठवणींस 'फ्लॅशबल्ब मेमरी' असें नांव दिलें. छायाचित्रकाराचा दिवा क्षणभर लखकन् पेटावा, आणि त्या क्षणीं समोर जें जें असेल तें तें, महत्त्वाचें व बिनमहत्त्वाचें, सारखेंच टिपलें जावें, अशी ही कल्पना आहे. सदऱ्याचे पट्टे त्यांतूनच आले.

यास शरीराचा आधारहि आहे. भय, दुःख किंवा अत्यानंद झाला असतां अॅड्रिनल ग्रंथींतून स्राव सुटतो, छाती धडधडते, आणि मेंदूंतील अमिग्डला नांवाचा बदामाएवढा भाग जागा होऊन स्मृतीचा ठसा खोल उमटविण्यास मदत करतो. लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं कांहीं लोकांस चित्रें दाखवून एक गोष्ट सांगितली. गोष्टीच्या मध्यभागीं एका मुलास भयंकर अपघात होतो. एरवीं ऐकणारास तो भाग अधिक चांगला आठवतो. परंतु ज्यांस त्या स्रावाचा परिणाम रोखणारें औषध आधीं दिलें होतें, त्यांस तो भाग इतर भागांहून अधिक आठवला नाहीं. पुराचा दिवस आठवतो आणि त्याच्या आदल्या दिवशींचें जेवण आठवत नाहीं, याचें कारण हें.

येथवरची हकीकत मनास सुखावणारी आहे. मात्र खोल उमटलेला ठसा बदलत नाहीं, असा जो निष्कर्ष आपण सहज काढतों, तो टिकत नाहीं. २८ जानेवारी १९८६ रोजीं 'चॅलेंजर' हें अमेरिकन अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत नष्ट होऊन सातहि अंतराळवीर मृत्यु पावले. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं अॅटलांटाच्या एमरी विद्यापीठांत अल्रिक नाइसर यानें १०६ विद्यार्थ्यांकडून, ही बातमी आपणांस कोठें, कशी व कोणाकडून कळली, हें लिहून घेतलें. सुमारें अडीच वर्षांनीं त्यांपैकीं ४४ विद्यार्थ्यांस तेच प्रश्न पुन्हां विचारले व दोन्ही उत्तरें ताडून पाहिलीं. ७ पैकीं गुण दिले तेव्हां केवळ तिघांस पूर्ण गुण मिळाले; ११ जणांस शून्य मिळालें, म्हणजे त्यांच्या उत्तरांतील एकहि मुख्य गोष्ट मूळ लेखाशीं जुळली नाहीं. सरासरी तीनांच्याहि किंचित् खालीं आली. आणि आश्चर्य हें कीं, उत्तर देतांना त्यांपैकीं पुष्कळांस आपल्या आठवणीची चांगलीच खात्री होती. स्वतःचें हस्ताक्षर पुढें ठेवलें तरी मूळ आठवण परत आली नाहीं. नवी आठवण तिच्या जागीं पक्की बसली होती. नाइसर आणि निकोल हार्श यांनीं हा वृत्तांत १९९२ सालीं प्रसिद्ध केला.

याहून सूक्ष्म प्रयोग जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांचा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कचे दोन मनोरे पाडले गेले. दुसऱ्या दिवशीं या दोघांनीं ड्यूक विद्यापीठांतील ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या: एक त्या भीषण वार्तेची, आणि दुसरी त्याच सुमारास घडलेल्या अगदीं साध्या प्रसंगाची. पुढें कांहीं आठवडे व कांहीं महिने गेल्यावर पाहतात तों दोन्ही आठवणींचा तपशील सारखाच ढासळलेला! फरक एवढाच कीं, साध्या प्रसंगाविषयीं 'आतां नीटसें आठवत नाहीं' असें विद्यार्थी कबूल करीत, आणि भीषण वार्तेविषयीं मात्र 'मला स्पष्ट आठवतें' असें म्हणत. म्हणजे तीव्र भावना आठवणीस जें देते तें सत्य नव्हे; तिच्या सत्यतेविषयींची खात्री ती देते. मुख्य घटना खरी असते, पूर खरा असतो, भय खरें असतें. पण सदऱ्याचे पट्टे मागाहून कोणत्या सदऱ्यावरून आले असतील हें सांगतां येत नाहीं.

हा सिद्धांत घरांत कसा अनुभवास येतो याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या कुटुंबांत घडलें. त्या घरीं दोन भाऊ आहेत. पुराच्या वर्षीं थोरले नऊ वर्षांचे होते, धाकटे सातांचे. वाडा शनिवार पेठेंत, नदीच्या बाजूस. पाणी चौकांत शिरलें तेव्हां मंडळी नेसत्या वस्त्रांनिशीं बाहेर पडली. मात्र देव्हाऱ्यांतील देव बरोबर नेले, आणि ते देव आजहि पूजेंत आहेत. पुढें वाडा पाडून नवी इमारत व्हावयाचें ठरलें. दोघां भावांचीं घरें आतां निरनिराळ्या मजल्यांवर होणार. तेव्हां देव कोणाकडे राहावयाचे, हा प्रश्न निघाला. थोरल्यांनीं सांगितलें, देव मीं वांचविले. सदऱ्याच्या ओच्यांत घेतले तेव्हां बाळकृष्णाचा थंड स्पर्श पोटास झालेला मला अजून जाणवतो. धाकट्यांनीं सांगितलें, देव मीं वांचविले. पितळी डब्यांत घालून डबा डोक्यावर धरला होता, आणि डब्यावर पावसाचे थेंब वाजत होते ते मला अजून ऐकूं येतात. शब्दानें शब्द वाढला. 'दादा, तुम्ही खोटें बोलतां,' असें धाकटे बोलून गेले. सत्तरीच्या घरांतले दोन भाऊ! त्या वर्षीं गणपतीच्या आरतीस दोघे दोन टोकांस उभे राहिले, आणि दोन्ही जावांस एकमेकींशीं बोलावयाचें तें स्वयंपाकघरांत हळू आवाजांत बोलावें लागलें.

या सुमारास मिरजेच्या आत्याबाई वारल्या. त्यांच्या पेटींतील जुनीं पत्रें त्यांच्या मुलानें मामांच्या घरीं पाठवून दिलीं. त्यांत या दोघांच्या वडिलांनीं १६ जुलै १९६१ रोजीं, म्हणजे पुरानंतर चौथ्या दिवशीं, बहिणीस लिहिलेलें एक कार्ड निघालें. सर्वजण सुखरूप असल्याचें कळवून वडिलांनीं लिहिलें होतें कीं, देव हिनें धाबळींत गुंडाळून पोटाशीं धरले. दोन्ही मुलें हिचा पदर धरून होतीं. कागदपत्रांची पेटी मीं उचलली होती, ती वाटेंत सोडून द्यावी लागली. एवढ्या तीन ओळींत सहा दशकांचा निकाल लागला. देव थोरल्यांनीं वांचविले नव्हते, धाकट्यांनींहि वांचविले नव्हते. ते वांचविले होते आईनें. आणि आईस जाऊन वीस वर्षें झालीं होतीं. पुढें कित्येक वर्षें पुराची गोष्ट त्या घरांत निघे तेव्हां ती माउली पानें वाढीत शेजारींच असे. पण तिला कोणी विचारलें नाहीं, आणि तिनेंहि आपण होऊन सांगितलें नाहीं.

दोघे भाऊ खोटें बोलत होते काय? मुळींच नाहीं. खोटें बोलणारास खरें ठाऊक असतें. या दोघांस तें ठाऊक नव्हतें. त्या घरांत पुराची कथा सांगतांना सारेच 'आम्हीं देव वांचविले' असें म्हणत. ऐकणारें मूल तें चित्र मनांत रंगवी, आणि चित्रांत स्वतःस पाही. वर्षामागून वर्षें गेलीं, कथा शेंकडों वेळां सांगितली गेली, आणि 'आम्हीं' या शब्दाचें नकळत 'मीं' झालें. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यानें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच सांगितलें आहे. त्यानें उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक चमत्कारिक कथा इंग्रज वाचकांस देऊन ती पुन्हां पुन्हां आठवून लिहावयास सांगितली. प्रत्येक खेपेस कथा आंखूड झाली, तिच्यांतील अपरिचित गोष्टी गळाल्या, आणि त्यांच्या जागीं वाचकांच्या ओळखीच्या गोष्टी आल्या. आठवणें म्हणजे पेटींतील वस्तु बाहेर काढणें नव्हे. दर वेळीं ती वस्तु नव्यानें घडविणें होय.

ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांस अपरिचित होती असें समजूं नये. पतंजलीनें योगसूत्रांत चित्ताच्या पांच वृत्ति सांगितल्या. त्यांत प्रमाण ही एक व स्मृति ही दुसरी, अशा त्या वेगळ्या मोजल्या आहेत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत ज्ञानाचे अनुभव आणि स्मृति असे दोन भाग केले आहेत, आणि प्रमा हें नांव यथार्थ अनुभवास दिलें आहे, स्मृतीस नव्हे. ती केवळ संस्कारापासून उपजते, म्हणून तिच्या शब्दावर एकदम निकाल देतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या समाजानें वेद सहस्रावधि वर्षें मुखोद्गत राखले त्यानें स्मृतीवर अविश्वास दाखविला, हें कसें? पण वेद राखले गेले ते आठवण उज्ज्वल होती म्हणून नव्हे. तिची पदोपदीं तपासणी होत होती म्हणून. संहितेवर पदपाठ, त्यावर क्रमपाठ, त्यावर जटा आणि घन. घनपाठांत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, आणि पुन्हां पहिला-दुसरा-तिसरा, अशा क्रमानें शब्द म्हणावे लागतात. तेव्हां एक स्वर जरी चुकला तरी तो कोठें ना कोठें उघडा पडतो. शिवाय म्हणणारा एकटा नसे. चूक पकडावयास गुरु समोर आणि सहाध्यायी शेजारीं. आपल्या पूर्वजांनीं स्मृतीस पूज्य मानलें, पण तिला मोकळें सोडलें नाहीं. वेदमंत्रांस जी सावधगिरी लावली ती घरच्या इतिहासास लावावयाची मात्र आपण विसरलों.

या विवेचनावरून व्यवहारांत काय घ्यावें? पहिली गोष्ट वडील माणसांविषयीं. आजोबांस बालपणाच्या गोष्टी आठवतात आणि सकाळची गोळी आठवत नाहीं, यावरून ते सोंग करतात असें समजणें अन्यायाचें आहे. नवें आधीं जातें आणि जुनें शेवटपर्यंत टिकतें, हा नियम थिओड्यूल रिबो या फ्रेंच विद्वानानें १८८१ सालींच सांगितला. तसेंच, वयोमानाचें साधें विसरणें आणि आजार यांतील भेद घरांतील प्रत्येकानें जाणून ठेवावा. किल्ली कोठें ठेवली हें न आठवणें साधें आहे. किल्ली हातांत असून तिचें काय करावयाचें हें न कळणें साधें नव्हे. एखादें नांव अडणें साधें आहे, नित्याच्या वाटेवर घर न सांपडणें, तोच प्रश्न घटकेघटकेस विचारणें, जन्मभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रम चुकणें, पैशांचा हिशेब मुळींच न जमणें, हीं लक्षणें दिसल्यास दटावीत बसूं नये, डॉक्टरांस दाखवावें. आलॉइस अल्झायमर यानें १९०६ सालीं ज्याचें वर्णन केलें तोच रोग प्रत्येक वेळीं असतो असें नाहीं. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, कांहीं औषधें, मनाची उदासी, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत विशेषेंकरून ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, यांमुळेंहि स्मरण खालावतें, आणि यांवर उपाय आहेत. दोन दिवसांत एकाएकीं भ्रम झाला तर तो ताप, जंतुसंसर्ग किंवा दुसऱ्या शारीरिक विकाराचा परिणाम असण्याचा संभव असतो. तेथें क्षणाचाहि विलंब उपयोगी नाहीं.

दुसरी गोष्ट कलहाविषयीं. लग्नांत कोणीं काय दिलें, आजारपणांत कोण जागलें, वाटणीच्या वेळीं कोण काय बोललें, यांवरून घरें दुभंगतात, आणि दोन्ही पक्ष 'मला स्पष्ट आठवतें' हाच पुरावा पुढें करतात. स्पष्ट आठवणें हा पुरावा नव्हे, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे समोरच्यास लबाड म्हणण्याची गरज उरत नाहीं. 'तुम्ही खोटें बोलतां' आणि 'आपल्या दोघांस निरनिराळें आठवतें' या दोन वाक्यांत एका कुटुंबाचें अंतर आहे. वर सांगितलेल्या भावांनीं कार्ड वाचल्यावर देव पाळीपाळीनें एकेक वर्ष दोन्ही घरीं ठेवण्याचें ठरविलें, आणि आईचा फोटो देव्हाऱ्याजवळ लावला.

तिसरी गोष्ट लेखनाची. पानशेतचा पूर मोठ्या माणसांच्या नजरेनें पाहिलेले लोक आतां थोडेच उरले आहेत. प्रत्येक घराचा असा एखादा पूर असतोच. कोठें तो भूकंप असतो, कोठें स्थलांतर, कोठें अकालीं गेलेलें माणूस. तो ज्यांनीं पाहिला त्यांस एकत्र बसवून विचारूं नये, कारण मग ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सर्वांची होते. निरनिराळें बसवून विचारावें, जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवावें, आणि दोन कथा जुळल्या नाहींत तर दोन्ही ठेवाव्या. जुनीं पत्रें, हिशेबाच्या वह्या, पंचांगांच्या कडेस केलेल्या टिपा रद्दींत घालूं नयेत. तेच आपले पदपाठ आणि क्रमपाठ. कुलवृत्तांत छापणाऱ्या मंडळींनींहि पुरुषांच्या पदव्या व नोकऱ्या यांपलीकडे थोडें पाहावें. घराच्या इतिहासाचा आरंभ बहुधा दिवाणखान्यांतून होतो. आमचें सांगणें एवढेंच कीं, विचारावयाचें तें प्रथम स्वयंपाकघरांत जाऊन विचारावें, आणि तें माणूस हयात आहे तोंवर विचारावें.